पहिलं स्पॅनिश वाक्य

मेण वितळल्याचा वास आला की मला तमिळनाडूतल्या स्वामीमलैची, मेणाचे नमुने करून धातूच्या मूर्ती ओतणारी मूर्तिशाळा आठवते. तेव्हा जवळच कुंभकोणमच्या घरी मी मोबाइलवरून एकटीच स्पॅनिश शिकत होते, पण कुणाशी बोलले नव्हते. त्या दुपारी आत्याबरोबर मूर्ती घ्यायला गेले, तर बाकावर घामाघूम झालेली एक परदेशी आजी फोनवर चक्क स्पॅनिश बोलत होती. “बोल की गे, चुकलीस तर काय होतं?” आत्या म्हणाली. मी चाचरत “पाणी हवंय का?” असं तिच्या भाषेत विचारलं. ती भराभर काहीतरी बोलली आणि मला एक अक्षर कळलं नाही. माझा चेहरा पडलेला पाहून तिनं माझा हात धरला आणि तेच एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं. या वेळी कळलं, तिला पाणी हवंच होतं! मी दिलेलं पाणी पिऊन ती म्हणाली, “छान बोलतेस.” ते खरं नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण आज मी ही भाषा बोलते, ती त्या प्रेमळ खोटेपणाच्या उपकारानं.