आश्चर्य वाटायला रायपूरला

चकित होण्यासाठी कुणाला खास बोलावणं येत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. माझा मावसभाऊ सुधीरदादा रायपूरला रेल्वेच्या कचेरीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात जादूगार असतो. त्याचा सांगलीला फोन आला.

"नंदे, टीव्हीवाले रायपुरात येऊन राहिले. जादूची स्पर्धा आहे, त्याची निवड. तू येच."

"मी काय करू तिथं?"

"तुले फक्त आश्चर्य वाटलं पायजे. इथं आश्चर्य वाटनारं कोनी उरलंच नाही."

त्याचा खेळ एकच. प्रेक्षकाची अंगठी रुमालात गुंडाळायची, नाहीशी करायची आणि ताटलीतल्या फऱ्यातून (तांदळाच्या पिठाचं वाफवलेलं लांबट मुटकं) काढून दाखवायची. वीस वर्षांत नात्यातलं एकही बारसं त्याने या खेळावाचून जाऊ दिलं नव्हतं. स्पर्धेला पाठवलेला व्हिडिओ 'जादू बरी, बघणारे थंड' अशा शेऱ्यानिशी परत आला होता. आता प्रत्यक्ष खेळ करायची एकच संधी होती, तीही शेवटची. मी दूर सांगलीला, म्हणून तो खेळ कधी पाहिला नव्हता. एवढ्या भांडवलावर मी निघाले.

गोंदिया मागे पडलं तसं डब्यातलं मराठी विरळ होत गेलं. डोंगरगडच्या टेकडीवरचं देऊळ दिसलं तेव्हा मी चहावाल्याशी हिंदीत बोलू लागले होते आणि माझं हिंदी ऐकून तो मराठीत उत्तरं देत होता. पुढे बराच वेळ कापणी झालेली भातशेतं, दुसरं काही नाही.

दादाचं घर ब्राह्मणपाऱ्यात (पारा म्हणजे वस्ती). शीलावहिनीने पोचल्या पोचल्या राई-तिळाच्या फोडणीचे गरम फरे पुढे ठेवले. मी सहा खाल्ले.

"घ्या अजून, नंदाताई. हे खायचे आहेत. खेळाच्याले मी चीर देऊन..." आणि वहिनीने जीभ चावली.

दादाची मुलगी जुही घाईघाईने म्हणाली, "आत्या, आपने कुछ नहीं सुना।"

"हव (हो)," मी म्हणाले. तेवढी छत्तीसगढी मला आली होती.

दुपारी दादा मला पंडरीला कापडबाजारात घेऊन गेला. खेळासाठी नवा कोट शिवायचा होता. जुना का चालत नाही, हे मात्र तो सांगेना. दुकानदाराने निळं चमचमतं कापड फाडलं आणि प्रेमाने सल्ला दिला, "भैया, इस बार बाईं जेब में रेक्झिन का अस्तर लगवा लेना। फरे का तेल नहीं फूटेगा।"

दादाचा चेहरा पडला. मी ताबडतोब साड्या बघत असल्याचं सोंग घेतलं आणि ते शोभावं म्हणून एक विकतही घ्यावी लागली. पण कळायचं ते कळलं होतं. अंगठी डाव्या खिशात जाते आणि चीर दिलेला फरा तिथं तिची वाट बघत बसलेला असतो. रायपुरातलं शेवटचं आश्चर्यही संपलं. मला फार वाईट वाटलं, आणि दादाला ते सांगायचा धीर झाला नाही.

शिंप्याने रातोरात कोट शिवून दिला. दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या व्हरांड्यात जादूगारांची रांग होती. जो तो दुसऱ्यापासून आपली पिशवी लपवत होता. अभनपूरच्या एका जादूगाराचं कबुतर वेळेआधीच प्रकट होऊन पंख्यावर जाऊन बसलं. एवढ्या जादूगारांपैकी एकालाही ते उतरवता येईना. शेवटी वॉचमनने बांबूने हुसकावलं.

दादाचं नाव पुकारलं गेलं. पहिल्या रांगेत मी, वहिनी, जुही, मागे सगळं गणगोत. कॅमेरा आमच्या तोंडांवर. दादाने माझी लग्नातली अंगठी मागून घेतली. रुमाल फिरला. सगळं गणगोत डाव्या खिशाकडे बघू लागलं. मी मात्र हट्टाने रुमालावर नजर रोवली आणि भुवया उंचावून तयारीत बसले. दादाने फरा मोडला.

आत काही नव्हतं.

त्याने दुसरा मोडला, मग तिसरा. खिसा चाचपला. मागे कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. वहिनी उभीच राहिली, तिचं तोंड उघडं ते उघडंच.

"अंगूठी कहाँ है?" टीव्हीवाल्या बाईंनी विचारलं.

दादाने एकदा आमच्या रांगांकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "वही तो जादू है, मैडम।"

"अधूरी है," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याला बाद केलं.

मागच्या नळापाशी आम्ही दोघंच असताना माझ्या केसातल्या पिनेने त्याने रेक्झिनची शिवण उसवली. शिंप्याने खिशाच्या कोपऱ्यात बोटभर जागा न शिवता सोडली होती, त्या फटीतून अंगठी अस्तराआड गेली होती. तेलकट अंगठी तिथून घरंगळली.

"दादा, फार वाईट झालं रे."

"काहून? शीलाचं तोंड पाह्यलं नाही काय तू? लग्नातही तिनं माझ्याकडं असं पाह्यलं नव्हतं." तो आनंदाने नुसता फुलला होता. "कोनाले सांगू नको."

सांगलीला परतून चार दिवस झाले. पै-पाहुण्यांना मी डोंगरगड सांगते, फरे सांगते, पंख्यावरचं कबुतर तर दोनदा सांगते. खोटं बोलायला मला आवडत नाही, शाळेत मुलांनाही मी तेच शिकवते. पण काल दुपारी वहिनीचा फोन आला, आवाज अगदी हळू.

"नंदाताई, तुमची अंगठी तुमाले भेटली कशी? हे काही केल्या सांगूनच नाही राहिले. जुहीनंही विचारलं. तुमी तरी सांगा."

"मला खरंच माहीत नाही, वहिनी."

मग वहिनी म्हणाली, "मंजे ह्यांले येते म्हना काहीतरी."