फणसाच्या रंगाची भिंत

घरून काम करायला लागल्यापासून मागची खोली माझं ऑफिस झाली. टेबल आणि कपाट, दोन्ही जवळजवळ काळी. बायको म्हणाली, "व्हिडिओ कॉलवर तू अंधारकोठडीतून बोलल्यासारखा वाटतोस. रंग तरी लावून घे." पेंटरने भिंतीवर चार पट्टे मारून दाखवले: पांढरट, फिकट हिरवा, निळसर आणि मी मुद्दाम मागितलेला गडद राखाडी.

"काळ्या फर्निचरला हलकी भिंत पाहिजे, साहेब. राखाडी मारलात तर टेबल बॅटरी लावून शोधाल."

"राखाडीच," मी म्हणालो.

पेंटर चहाला बाहेर गेल्यावर बायको म्हणाली, "टेबल लपवायचंच असेल तर चादर घाल त्याच्यावर. स्वस्तात होईल."

तिला माहीत होतं. आता इथे लिहूनच टाकतो.

आमच्या वाडीत विहिरीजवळ एक फणस होता. वडिलांनी तो माझ्या बहिणीच्या नावाने लावलेला. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, लग्न होऊन राजोडीला गेली. दर मे महिन्यात झाडाचा पहिला फणस तिच्या घरी पोचवायचा, हा वडिलांचा शिरस्ता त्यांच्यामागे मीही पाळला. मग मी गाडी घेतली. शेड बांधायला तीच जागा सोयीची होती. बहीण मुलीच्या बाळंतपणासाठी बाहेरगावी गेली असताना मी झाड तोडलं. ती परतल्यावर सांगितलं, वाळवीने आतून पोखरलं होतं.

"मग तू तरी काय करणार," ती म्हणाली. वर माझीच समजूत काढली.

लाकूड अस्सल निघालं, पिवळंधमक. टाकून द्यायचा धीर झाला नाही. त्याचंच टेबल आणि कपाट करून घेतलं आणि सुताराला म्हणालो, काळं पॉलिश मार. "फणसाचं लाकूड कुणी झाकतं का?" तो म्हणाला. मी झाकलं. बहिणीला सांगितलं, माणिकपूरच्या दुकानातून आणलं. तेव्हापासून ती या टेबलावर चहा ठेवायच्या आधी कपाखाली कागद सरकवते, माझं पॉलिश खराब होऊ नये म्हणून. चर्चमध्ये पापांची कबुली देताना फादरांपुढे मी दरवर्षी "खोटं बोललो" एवढंच सांगत आलो. कुणाशी आणि कशाबद्दल, ते गिळलं.

बायकोच्या त्या चादरीच्या टोमण्याने मात्र मला हलवलं. त्याच दुपारी टेबलाचा खण ओढून काढला आणि उलटा केला. खालच्या बाजूला पॉलिश नव्हतं. पिवळा रंग मुरून मधासारखा झाला होता. खण काखेत मारून थेट रंगाच्या दुकानात गेलो. "याला जुळता रंग द्या. थोडा फिका."

शनिवारपर्यंत एक भिंत झाली. तिच्यापुढे टेबल असं उठून दिसायला लागलं की त्याच्यावरून नजर हटेना.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून बहीण आली. "छान दिसतोय रे रंग. तुला नक्की दुसऱ्या कुणीतरी निवडून दिला."

चहा येण्याआधीच मी खण उलटा करून तिच्या मांडीवर ठेवला. "बाय, हा आपला फणस."

तिने लाकडावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "वाळवी कुठं दिसत नाही."

"नव्हतीच. गाडीच्या शेडसाठी तोडला. तुला खोटं सांगितलं."

"आणि मी कपाखाली कागद ठेवतेय."

बायको चहा घेऊन आली. बहिणीने तो घेतला नाही. उठली, खण पोटाशी धरला. "हा मी नेते. बाकीचं तू बघत बस." रिक्षात बसेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. अजून तिचा फोन आलेला नाही. मी रोज करतो. ती उचलत नाही.

सोमवारी पेंटर आला आणि टेबलाच्या भोकाकडे बघत राहिला. "प्लायचा खण करून देणारा आहे माझ्या ओळखीचा."

"नको. तसंच राहू दे."

"आणि उरलेल्या तीन भिंती? राखाडी?"

"हाच रंग," मी म्हणालो, आणि टेबल सरकवायला दुसऱ्या बाजूने हात लावला.