विचारलं तेवढंच

अमरावतीच्या एका शाळेत मी चौदा वर्षं गणित आणि भूगोल शिकवला. नवऱ्याची बदली अकोल्याला झाली तेव्हा नोकरी सोडली. मुलगी दहा वर्षांची होती, पाचवीत. अकोल्याच्या नव्या शाळेत ती काही रुळली नाही. रोज सकाळी तिचं पोट दुखायचं, रविवारी मात्र दुखायचं नाही. दोन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, पोटात काही सापडलं नाही. दिवाळीनंतर मी म्हटलं, बस झालं, घरी मीच शिकवते. लोकांची पन्नास-पन्नास पोरं एका वेळी हाकली होती, हे तर एकच होतं.

पोट हे एक कारण झालं. दुसरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी ही पोरगी विचारून विचारून डोकं उठवायची. बडनेऱ्याहून गाडी सुटली की सुरू. रूळ वाकला तर गाडीले कसं समजते, इंजिनवाल्याले झोप आली तर मागच्याले कोण सांगते. मी वैतागून गप्प बस म्हणायची. शाळेत गेल्यावर ती हळूहळू खरंच गप्प बसली, आणि ते माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. घरी ठेवली तर तिचं विचारणं परत येईल असं मला वाटत होतं. मला तेवढंच हवं होतं.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पहिल्याच सोमवारी समोरच्या खोलीत टेबल लागलं, भिंतीवर वेळापत्रक लागलं, आणि मी टाचणवही काढली. उद्या काय शिकवणार, किती मिनिटांत, कोणतं साधन वापरून, हे शिक्षकानं आदल्या दिवशी लिहून ठेवायचं ते टाचण. आठवड्याच्या शेवटी त्यावर मुख्याध्यापकांची सही लागते. घरात मुख्याध्यापक नव्हते, म्हणून दर शनिवारी मी वही नवऱ्यापुढे ठेवायची. तो चहा पिता पिता सही करायचा. एकदा त्यानं सहीच्या वर शेरा मारला, ‘शिक्षिका फार कडक आहेत.’ मी संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. टाचणवहीवर थट्टा करायची नसते, असं मला तेव्हा खरोखर वाटलं होतं.

हजेरीही घ्यायची मी. एका मुलीची. दहा ते एक या वेळात तिनं मला आई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं, असा नियम होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बारा वाजता तिनं हात वर केला.

“मॅडम, आईले सांगा का मले भूक लागली.”

मी म्हटलं, “मधली सुट्टी झाली की सांगते.” हे मी हसत म्हटलं नव्हतं. आज लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

शाळेला निदान भिंती असतात, त्यांच्याबाहेर पोरं मोकळी असतात. माझ्या शाळेला त्या नव्हत्या. अकोल्यात नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरातलं तांब्या-पातेल्यापासून ड्रमपर्यंत सगळं भरून घ्यावं लागतं. मुलीला त्या धावपळीत मजा यायची. कोणती बादली आधी भरते, नळी उंच धरली की धार काहून बारीक होते, हे ती स्वतःशीच बोलत राहायची. मी लगेच म्हटलं, छान, आता या ड्रमात किती लिटर बसतं ते काढ. तिनं काढलं, बरोबर काढलं. पुढच्या वेळी नळ आला तेव्हा ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

वरूडलाही हेच झालं. तिथे माझ्या भावाचा संत्र्याचा बगीचा आहे. जानेवारीत गेलो होतो, तोडा चालू होता. बाया फळाकडे न बघता नुसत्या हातात धरून लहान-मोठं वेगळं करत होत्या. मुलगी दुपारभर त्यांच्यात बसली आणि संध्याकाळपर्यंत तिच्या हातालाही फरक कळायला लागला. परतीच्या बसमध्ये अमरावती येईपर्यंत तिची टकळी चालू होती. मी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता मनात टाचण लिहीत होते. घरी आल्याबरोबर तक्ता करायला लावला. संत्र्याचे आकार, संत्री कुठे जातात, नकाशा, रंग. तिनं चार दिवसांत तक्ता केला. मी लाल पेनानं ‘उत्तम’ लिहिलं. पुढच्या खेपेला वरूडला गेलो तर ती मामीचा मोबाइल घेऊन घरात बसून राहिली. बाया बोलवायला आल्या तरी हलली नाही.

“तू तिच्या हाती काई राहूच देत नाईस,” नवरा म्हणाला. “तिले काई आवडलं का तू त्याचा धडाच करून टाकते.”

मी त्याला म्हटलं, तुम्ही ऑफिस सांभाळा.

फेब्रुवारीपर्यंत तिची एक नवीनच सवय झाली. एक विषय संपला की हाताची घडी घालून बसायची आणि विचारायची, “आता काय करू?” दिवसभरात तिच्या तोंडून निघणारा हा एकच प्रश्न. चित्र काढ म्हटलं तर, कशाचं? गोष्ट वाच म्हटलं तर, कोणती, किती पानं? सांगितलेलं सगळं करायची, न सांगितलेलं काडीभर नाही. शाळेत निदान पोट दुखायचं. आता तर तेही दुखत नव्हतं. मला भीती वाटायला लागली. मी नवऱ्याला सांगून टाकलं, मे संपेपर्यंत बघते. तोवर हिनं आपणहून एक जरी गोष्ट हाती घेतली नाही, तर जूनमध्ये हिला अमरावतीला बहिणीकडे ठेवते आणि माझ्याच जुन्या शाळेत घालते. बहीण तयार होती. आमचं घर दोन खोल्यांचं, पोरीनं ते ऐकलंच असणार. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी दहाला येऊन बसली.

मार्चमध्ये मला ताप आला आणि चांगला बारा दिवस राहिला. शाळा बंद पडली. मुलगी शेजारी जाऊन बसू लागली. शेजारी म्हणजे खाला. खाला म्हणजे मावशी, सगळ्या गल्लीच्याच त्या. साठीच्या असतील, घरीच सलवार-कुर्ते शिवतात. रमजानचा महिना होता, ईदेच्या कपड्यांचा ढीग पडलेला, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन ईदेनंतर करू म्हणून त्यांनी पुढे ढकललं होतं. मी बरी झाले, दहा ते एक परत सुरू झालं, तरी मुलगी तीन वाजले की तिकडे जायची. मी जाऊ दिलं. चिंध्यांशी खेळत असेल, म्हटलं.

ईद झाल्यावर एका दुपारी मी ब्लाउजच्या बाह्या सैल करून घ्यायला गेले. मुलगी बाबांबरोबर बाजारात गेली होती. खालांनी मापाची वही पुढे ओढली. वही उर्दूत होती, उजवीकडून लिहिलेली. वरच्या पानांवर जुनं, सराईत अक्षर. पुढे एका पानापासून अक्षर बदललेलं होतं. मोठं, वाकडं, प्रत्येक आकडा जपून काढलेला.

“हे कोणाचं?” मी विचारलं.

“तुमचीच तर पोरगी लिहिते,” खाला म्हणाल्या. “माझे डोळे गेले ना बाई. पहिले आठ दिवस नुसती बघत होती. मग म्हणे, खाला, हे अक्षर कोणतं, हे कोणतं. आता गिऱ्हाईक आलं का तीच टेप लावते, तीच लिहिते. ईदेचे सगळे नाप उसी के हाथ के हैं.”

मी पानं उलटत राहिले. मला उर्दूचं एक अक्षर येत नाही. त्यातलं एक अक्षरही मला तपासता येणार नव्हतं.

“मला बोलली नाही ती,” मी म्हटलं.

खाला हसल्या. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. “मला म्हणे, मम्मी को मत बोलना खाला. वो टाइमटेबल में डाल देगी.”

ब्लाउज तिथेच ठेवून मी निघाले. त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत वीस पावलं असतील. तेवढ्या अंतरात माझ्या डोक्यात आपोआप सुरू झालं: विषय उर्दू, घटक मुळाक्षरं, साधनं मापवही, कालावधी चाळीस मिनिटं. दाराची कडी काढताना मला ते कळलं आणि मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

राग आला होता, तो खालांचा. चौदा वर्षं मी शिकवलं, बी.एड. केलं, आणि या बाईनं एक शब्द न शिकवता माझ्या पोरीला नवी लिपी लिहायला लावली. नुसते डोळे अधू होते तिचे, आणि हातात काम होतं. मत्सर म्हणतात तो हाच, दुसरं काही नाही. लाज त्यानंतर आली. माझ्या पोरीला शिकायचं होतं. फक्त ते माझ्यापासून लपवून करावं लागत होतं.

संध्याकाळी ती आली. “खालांकडे काय करत असतेस?” एवढं माझ्या जिभेवर आलं होतं. मी कणीक मळायला घेतली. नंतरही मी काही बोलले नाही. एप्रिल गेला, मे आला. उन्हानं गल्ली दुपारी ओस पडायची. भर दुपारी तीनला डोक्यावर ओढणी घेऊन ती निघायची आणि मी झोपेचं सोंग घ्यायची.

मेच्या शेवटी नवऱ्यानं विचारलं, “मंग काय ठरवलं? बहिणीले फोन करायचा आहे का?”

“राहू दे घरीच,” मी म्हटलं.

“काहून? शिकली का काई आपल्या मनानं?”

सांगितलं असतं तर वाद मिटला असता. पण ते मी सांगायचं नव्हतं, तिनं लपवलेलं होतं. मी म्हटलं, “मले माहीत नाही.”

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. पोरीला काय येतं नि काय नाही हे मला माहीत नाही, असं मी पहिल्यांदाच म्हटलं होतं. त्यानं पुढे विचारलं नाही. तो माणूस तसा शहाणा आहे, फक्त शेरे मारू नयेत त्यानं.

जूनच्या पहिल्या सोमवारी ती दहाला टेबलाशी येऊन बसली. “आज काय?”

“काही नाही.”

“म्हणजे सुट्टी?”

“सुट्टी नाही. तुला वाटेल ते कर. काही अडलं तर मी आहे.”

तिला ते खरं वाटलं नाही. अर्धा तास ती तशीच बसून राहिली, मी काय काढते ते बघत. मग उठली आणि टीव्ही लावला. पुढचे पंधरा दिवस तिनं टीव्ही पाहिला, पलंगावर लोळली, चिवडा खाल्ला, परत टीव्ही पाहिला. तीनला मात्र खालांकडे. मला आयुष्यात इतका त्रास कशाचा झाला नसेल. भांडी घासताना मी दात आवळून धरायची. दोनदा पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि दोनदा परत कपाटात ठेवलं. बहिणीचा फोन आला, ती म्हणाली, पोरगी वाया घालवून राहिली तू. मला तेव्हा तिचं खरं वाटत होतं.

मग एका दुपारी ती खालांकडून धावतच आली. हातात वही नव्हती, गळ्यात टेप तसाच होता.

“आई, पस्तीसचा पाव भाग किती होते?”

“पावणेनऊ,” मी म्हटलं. आणि मला राहवलं नाही. “पण बघ, ते कसं येतं सांगते. पस्तीसला चारनं भागलं की आठ येतात, उरले तीन. आता हे तीन—” माझ्या हातानं तोवर कागद ओढला होता, भागाकाराची रेघही मारली होती. मान वर केली तेव्हा तिचा चेहरा मिटलेला होता. हाताची घडी घालून ती उभी होती, मी संपवण्याची वाट बघत, दहा ते एकमध्ये राहायची तशी.

“एवढंच पाहिजे होतं,” ती म्हणाली आणि गेली.

कागद मी फाडून टाकला. त्या दिवशी मी रडले, हे नवऱ्यालाही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ती काही विचारायला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खालांकडे जायची, परत यायची, जेवायची. पाव भाग आता ती दुसऱ्या कोणाला विचारत असेल, किंवा बोटांवर काढत असेल. मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते. ती दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही.

“एक विचारायचं आहे,” ती म्हणाली. “पण विचारलं तेवढंच सांगशील?”

“हाव.”

तिनं विचारलं. मुंढ्याच्या, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथल्या गोलाईबद्दल काहीतरी होतं, बाहीचं कापड तिथे जास्त का लागतं असं. मी दोन वाक्यांत सांगितलं. तिसरं तोंडात आलं होतं, ते गिळलं आणि ताटातले तांदूळ पुढे सरकवत राहिले. ती गेली नाही. दाराला पाठ टेकून उभी राहिली, मी आणखी काही बोलते का ते बघत. मी बोलले नाही.

मग तीच आत आली, माझ्यासमोर फरशीवर बसली, आणि तिनं दुसरं विचारलं.