गोल कडांचं दार

बायको जुन्या इमारतींची मोजमापं घेते आणि सुट्टीच्या दिवशी मी तिच्या टेपचं दुसरं टोक धरतो. त्या शनिवारी मिल्टन कीन्सहून निघून कॉव्हेंट्रीपलीकडच्या एका खेड्यात गेलो. कुणा उमरावाने शिकारी कुत्र्यांसाठी बांधलेलं लाल विटांचं घर तिथे होतं. घर कसलं, आमचा घरमालक त्याची बेल वाजवायलाही कचरला असता. छपरालगत हवेसाठी अरुंद झरोके, पाणी वाहून जावं म्हणून उताराची फरशी आणि शेजारच्या तबेल्यावर घड्याळाचा मनोरा, बहुतेक घोड्यांना उशीर होऊ नये म्हणून. कोल्ह्याची शिकार कायद्याने बंद झाली, पण कुत्री अजून तिथेच राहतात.

कुत्री फिरायला गेली होती. बायको बाहेर भिंत मोजत होती. एका खोलीत रुंद लाकडी बाक दिसला, तसा मी मांडी ठोकून बसलो आणि डबा उघडला. भाकरी आणि सुकटीची चटणी. ऑफिसात ती उघडली तर मजला रिकामा होतो, म्हणून मी ती मोकळ्या हवेसाठी राखून ठेवतो. बाक म्हणजे कुत्र्यांचा पलंग, हे मला कोण सांगणार?

कुत्री अंगणात परतली आणि वासावर थेट आत घुसली. पाच-पन्नास तरी असतील. मला पाचशे वाटली. धक्क्याने दार मिटलं, आतली खिटी पडली आणि अंधार झाला. एकही भुंकत नव्हतं, हेच वाईट. गरगर फिरत मी भिंतीला लागलो. तिथे एकाशेजारी एक दोन दारं होती, आणि मी कुठल्या दाराने आलो ते डोक्यातून पार गेलं होतं.

झरोक्यातून बायकोचा आवाज आला, "डबा उघडलास ना तू?"

"बंद करतोय."

"आता कशाला? वर धर. आणि दाराला हात लावू नकोस."

कुत्री सांभाळणारी बाई तिच्या शेजारी होती. ती इंग्रजीत, अगदी हळू म्हणाली, "एक दार थेट रस्त्यावर उघडतं. सगळी ट्रकखाली जातील."

माझा हात एका कडीवर होताच.

"चौकट चाचप," बायको म्हणाली. "घाईत बरगड्या खरचटू नयेत म्हणून कुत्र्यांच्या दाराच्या विटा गोल घडवल्यात. धार लागली तर ते माणसांचं, रस्त्याकडचं दार."

चाचपलं. धार. बोट कापेल अशी. मी कडी सोडली. गुडघ्यांवर म्हशीएवढं एक कुत्रं रेललं होतं. त्याला ढकलत इंच इंच सरकलो. दुसऱ्या चौकटीची वीट सहाणेसारखी गुळगुळीत लागली.

"नक्की ना गं?"

"मोजलीय मी. उघड."

खिटी उचलली, दार ढकललं आणि डबा अंगणात भिरकावला. अख्खी खोली माझ्या पायांमधून बाहेर वाहिली.

बाई अंगणाच्या फाटकाला पाठ लावून, सगळी आहेत ना हे बघायला, एकेकाला नावाने हाक मारत राहिली. हाकेसरशी एकेक मान वर होई. शेवटचं नाव तिला दोनदा घ्यावं लागलं. मग डब्यात घुसलेलं एक तोंड बाहेर आलं, आणि ती तिथेच ओल्या फरशीवर खाली बसली.