दोन बोटं आखूड

सुपरमार्केटमध्ये ब्लू कॉड माशाच्या पाकिटावर ‘थंड, स्वच्छ पाण्यातला, जपून पकडलेला’ असं छापलेलं वाचलं आणि वेलिंग्टनच्या किनाऱ्यावरची ती सकाळ आठवली. बाबा हर्णैला जन्मभर होडीवर होते, म्हणून आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना हौसेने गळ टाकायला खडकांवर नेलं. वारा बोचत होता, समुद्री शेवाळाचा उग्र वास येत होता. तीन तासांनी माझ्या गळाला एकच मासा लागला, तोही कायद्याने ठरवलेल्या मापापेक्षा दोन बोटं आखूड. "सोड त्याला," बाबा म्हणाले. "थंड पाण्यातला मासा सावकाश वाढतो, म्हणून तर मांस असं घट्ट. त्याला वेळ द्यायला हवा." मी हो म्हटलं आणि त्यांची पाठ वळताच तो बादलीत टाकला. थोड्या वेळाने मासेमारी खात्याचा अधिकारी आला. ‘किया ओरा’ असा तिथला नमस्कार करत बादलीत डोकावला आणि हा कुणी पकडला, असं त्याने विचारलं. माझा रेसिडेन्सीचा अर्ज तेव्हा अडकलेला होता. "माझ्या वडिलांनी. त्यांना इथले नियम कळत नाहीत," मी इंग्रजीत म्हणालो. बाबांना तेवढं इंग्रजी समजायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे वळून "सॉरी" म्हणाले. ताकीद देऊन त्याने आम्हाला सोडलं. गाडीत मी काही बोलायला गेलो, तर म्हणाले, "तुझं काम होऊ दे आधी." काम झालं. बाबा वारले तेव्हा आई सहज बोलून गेली, "माझ्यामुळे तिकडे पोराला खाली बघावं लागलं, असं शेवटपर्यंत म्हणायचे." मी तिलाही अजून खरं सांगितलेलं नाही.