दोन पुस्तकांना एकच खाकी कव्हर

आमच्या वाचनालयातल्या फळ्यावर दर महिन्याला एक यादी लागते, ‘या महिन्यात काय वाचाल?’ यादी करणारी मी, फळा पुसणारी मी आणि ती वाचणारे असतील-नसतील ते पाच-सहा जण. जोगेश्वरी पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली आहे, तेच आमचं वाचनालय. बँकेतून निवृत्त झाल्यावर घरात बसून नवऱ्याशी भांडण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी ते अंगावर घेतलं.

डिसेंबरची यादी नाताळची करावी असं त्या वर्षी मनात आलं, ते दोन वाचकांमुळे. एक आमचे सर. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, उभा जन्म मराठी शिकवण्यात गेला, माझं शुद्धलेखन अजून तपासतात. रोज अकराच्या ठोक्याला येतात, चष्मा पुसतात आणि पेपर मागतात. दुसरी सिस्टर. नन नव्हे हं, नर्स. इथलीच, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी ख्रिश्चन. तीस वर्षं लेबर रूममध्ये काढलेली, त्यामुळे आवाज मोठा आणि भीड कमी.

गणपती नुकते गेले होते. सर सहज सिस्टरला म्हणाले, “ईसा, म्हणजे तुमचे येशू, आमचेही नबी आहेत. मरियमच्या नावाचा तर आख्खा अध्याय आहे कुराणात.”

सिस्टर चमकली. “आमची मारिया? तुमच्यात?”

“कुमारी मातेच्या पोटी जन्म, हे आम्हीही मानतो. देवाचे पुत्र म्हणत नाही. आणि त्यांना क्रुसावर मारलं हेही मानत नाही. अल्लाने वर उचलून घेतलं, असं आम्ही मानतो.”

“म्हणजे सुरुवात ठेवली आणि शेवट काढला. सर, शेवटावरच तर आमचं सगळं उभं आहे.”

सर हसले, पण मागे हटले नाहीत. म्हणाले, “आमच्याकडे ग्रंथ शब्दन्‌शब्द वरून उतरला. तुमच्याकडे येशूचं चरित्र चौघांनी आपापल्या परीने लिहिलं.”

“मग काय झालं? एकाच अपघाताबद्दल चार नातेवाईक कॅज्युअल्टीत चार तऱ्हा सांगतात. अपघात तर झालेला असतो ना?”

मला दोघांचं बोलणं ऐकताना मजा येत होती आणि लाजही वाटत होती. साठी उलटली, आयुष्य मशिदीच्या आणि चर्चच्या मधल्या गल्लीत गेलं, आणि यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मी दोघांनाही सांगितलं, यादी तुम्हीच सुचवा, मी वाचून मग फळ्यावर लिहिते. दुसऱ्या आठवड्यात सिस्टरने आईचा नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, आणून दिला. सरांनी कुराणाचं मराठी भाषांतर आणलं, घरी शिवलेल्या कापडी पिशवीत घालून. दोन्ही हातांनी देत म्हणाले, “बाई, एवढं करा. जरा वरच्या फळीवर ठेवा.” मी ठेवलं.

मग दसरा आला.

आता दसऱ्याला आमच्या घरात काय पुजत नाहीत ते विचारा. बाबा गिरणीत होते, ते साच्याला हार घालायचे. साचा म्हणजे माग. आई विळी पुजायची. बँकेत असताना मी टेबलावरच्या शिक्क्याला गुपचूप फूल वाहायची. ज्याच्यावर पोट भरतं त्याला त्या दिवशी हळदकुंकू, एवढं मला कळतं. वाचनालयात मी पुस्तकांची चळत रचते, पाटीवर सरस्वती काढते आणि सगळ्यात वरच्या पुस्तकाला ओलं कुंकू लावते. त्या वर्षी चळत रचताना सरांचे शब्द आठवले, वर ठेवा. म्हणून त्यांचं पुस्तक पिशवीतून काढून सगळ्यात वर ठेवलं. हळद वाहिली, कुंकवाचं बोट टेकवलं, झेंडू ठेवला, हात जोडले. अगदी मनापासून.

दुसऱ्या दिवशी आवराआवर करताना सरांच्या पुस्तकाच्या कापडी बांधणीवरचा लाल ठिपका दिसला आणि डोक्यात प्रकाश पडला. ज्यांच्यात मूर्ती नाही, फूल नाही, टिळा नाही, त्यांच्या ग्रंथाला मी कुंकू लावून बसले होते. ओल्या फडक्याने पुसायला गेले, तर अठन्नीएवढा डाग रुपयाएवढा झाला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “कुराणाला कुंकू? तू पण ना, वाट लावलीस.”

“आता काय करू?”

“काय करू काय? सरांना सांगून टाक.”

“आणि ते उठून गेले म्हणजे?”

“गेले तर गेले. पण लपवू नकोस.”

त्याला बोलायला काय जातंय. आमच्या भागाने फार पूर्वी वाईट दिवस पाहिलेत. त्यावर कुणी बोलत नाही, पण सगळे जीभ जपून वापरतात. अशा ठिकाणी एक माणूस तीन वर्षं रोज आपल्या खोलीत येऊन बसतो, विश्वासाने आपला ग्रंथ हातात देतो, आणि तो आपल्या वेंधळेपणामुळे दुरावला तर? सर गेले असते तर मला वाचनालयात बसवलंच नसतं.

तेव्हा मी केलं ते सगळे वाचनालयवाले करतात तेच. आमच्याकडे पुस्तकाच्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध, खाकी कागद. सरांच्या पुस्तकाला छान कव्हर घातलं. मग वाटलं, एकालाच घातलं तर संशय येईल. म्हणून सिस्टरच्या पुस्तकालाही घातलं. जाडी साधारण सारखी, आकार सारखा. नावाच्या चिठ्ठ्या नंतर चिकटवू म्हणून राहिल्या. सर आले तेव्हा मी खाली मान घालून पिशवी त्यांच्या हातात दिली, संध्याकाळी सिस्टरला तिचं पुस्तक दिलं, आणि सुटले बाई एकदाची असं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, सर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. सिस्टर बहिणीकडे वसईला गेलेली. पेपर सरांच्या खुर्चीसमोर घडी न मोडता पडून राहायचे. नक्कीच त्यांनी कव्हर काढून पाहिलं असणार. एकदा ते भाजीबाजारात समोरून येताना दिसले आणि मी, बँकेत मॅनेजरशी भांडलेली बाई, चक्क मान फिरवून कोथिंबिरीच्या गाडीकडे वळले. जुडी हातात घेऊन उभी राहिले, भाव विचारायचंही सुचेना. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

बाराव्या दिवशी सिस्टर वसईहून आली ती थेट वाचनालयात. पर्समधून पुस्तक काढून माझ्यासमोर आपटायला गेली, मग आठवण होऊन हळूच ठेवलं. कव्हर काढलेलं होतं. लाल रुपया समोर होता.

“हे सरांचं आहे,” ती म्हणाली. “आणि हे काय लावून ठेवलंयस गं?”

म्हणजे सरांच्या घरी, त्या कापडी पिशवीत, वरच्या फळीवर, तिच्या आईचा नवा करार गेला होता.

मी तिला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, “मी तो मरियमचा अध्याय वाचला. आमच्यात बाळ होतं तेव्हा गोठा आहे, योसेफ आहे. इथे ती एकटी. खजुराच्या झाडाला टेकून कळा सोसते, यापेक्षा मेले असते तर बरं म्हणते. अगं, तीस वर्षं मी बायकांच्या तोंडून हेच ऐकलं. मारियाही असं म्हणाली असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.”

एवढ्यात दारात सर उभे. पिशवी छातीशी धरलेली.

“बाई, तुम्ही चुकून दिलंत की मुद्दाम, ते मला कळेना,” ते म्हणाले. “शेवटी समजलो, यादीसाठी वाचायला दिलं असेल. म्हणून वाचून संपवलं आणि मगच आलो. शेवट मला मान्य नाही, तो होणारही नाही. पण तो शिष्य आहे ना, येशूला पकडल्यावर तीनदा म्हणतो की मी या माणसाला ओळखत नाही, तिथे मी पुस्तक मिटून बसलो. फार खरं लिहिलंय.” मग म्हणाले, “बाजारात तुम्ही मान फिरवलीत, तेव्हा वाटलं, माझंच काही चुकलं.”

मला रडू आवरलं नाही. पुस्तक पुढे केलं आणि एका दमात दसऱ्यापासूनचं सगळं बोलून टाकलं. सर मग म्हणाले, “मला माहीत आहे. दसऱ्याला सोनं द्यायला आलो होतो. तुमची पाठ होती. दारातूनच पाहिलं आणि परत गेलो.”

“मग बोलला का नाहीत?”

“पहिल्यांदा राग आला. खोटं कशाला बोलू? आमच्यात ग्रंथाला पुजत नाहीत. वाचतात. घरी गेल्यावर लक्षात आलं, मी वर ठेवा म्हणालो होतो आणि बाईंनी सगळ्यांच्या वर ठेवलं. तुमची चूक आहे, पण तिच्यात खोट नाही. फक्त पुन्हा कुंकू नको.”

“नाही लावणार,” मी म्हणाले. बारा दिवस छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. मी चहा सांगितला, तोही साखर घालून, जो आम्हा तिघांनाही मना आहे.

त्याच दिवशी डिसेंबरची यादी आगाऊच लिहिली. तिच्यात दोनच ओळी होत्या, नव्या करारातल्या शुभवर्तमानातला येशूच्या जन्माचा भाग आणि कुराणातला मरियमचा अध्याय. खाली सिस्टरने स्वतः खडूने लिहिलं, ‘दोन्ही वाचा, एक वाचून थांबू नका.’ सरांनी तिच्या एका शब्दाचा ऱ्हस्व दीर्घ केला.

निघताना मी सरांच्या पुस्तकाला नवा खाकी कागद घ्यायला उठले. त्यांनी हात आडवा केला. डागावरून अंगठा फिरवला आणि पुस्तक तसंच पिशवीत घातलं.

“राहू दे,” म्हणाले. “आता अदलाबदल व्हायची नाही.”

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला सर आले, चष्मा पुसला आणि पेपर मागितला.