खिडकीकडे धरलेली जाळी

विणून झालेली ओळ ती खिडकीकडे धरायची, डावा डोळा मिटायची आणि म्हणायची, "एक डाव परत." तिच्या या 'परत'पायी मी किती वेळा दातओठ खाल्ले असतील, त्याला गणती नाही. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेलच. काम संपलं म्हणून आपण हुश्श करावं, आणि त्यानं शांतपणे पहिल्यापासून सुरू करावं.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. भोरला एसटी स्टँडमागे एका कौलारू जागेत आम्ही संगणकाची स्मृती विणायचो. विणायचो म्हणजे खरोखरच विणायचो. फेराइट नावाच्या काळ्या, भाजून काढलेल्या पदार्थाची मोहरीहून बारीक कडी आणि त्यांतून ओवलेली केसासारखी तांब्याची तार. एका जाळीत अशी चार हजारांवर कडी. विजेचा झटका एका दिशेनं गेला की कड्यानं 'हो' लक्षात ठेवायचं, उलट गेला की 'नाही'. या जाळ्या पुण्याच्या एका प्रयोगशाळेला जायच्या. मी तिथला सुपरवायझर, पुण्याहून आलेला आणि म्हणून जरा जास्तच शहाणा. विणणाऱ्या सात बायका भोरमधल्याच. कड्यांना त्या मणी म्हणायच्या, मग मीही म्हणू लागलो.

'एक डाव परत' म्हणणारी ती त्यांतलीच, माहेरची पासली गावची. भातलावणीत वाढलेली, त्यामुळे ओळ सरळ धरणं तिच्या हातातच होतं. पहिल्या दिवशी मी मण्यांचं शास्त्र समजावून सांगितलं, तेव्हा तिनं एकच विचारलं, "लाइट गेल्यावर इसरत आसंल की ह्यो मनी?"

"नाही विसरत."

"मग बरं हाय. हितं लाइट रोजच जाती."

तिच्या शेजारी सुमन बसायची. नवऱ्यानं टाकलेली, पदरात दोन मुलं. ही पासलीची कामावर आली, सगळ्यांच्या माठातलं पाणी तिनं घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सुमन घरून पाण्याचा तांब्या आणू लागली. ही बौद्धवाड्यातली, एवढंच कारण. मी ते पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं. आज त्याची लाज वाटते.

त्या वर्षी लागोपाठ दोन जाळ्या पुण्याहून परत आल्या. दोन्हींत एकेक मणी तडकलेला. प्रयोगशाळेनं कळवलं की तिसरी वेळेत आणि निर्दोष आली नाही, तर काम दुसरीकडे जाईल. मालक सगळ्यांना समोर उभं करून म्हणाले, "यापुढं तडकलेला मणी ज्या बाईच्या ओळीत सापडेल, ती बाई दुसऱ्या दिवशी येणार नाही." प्रत्येक जाळीबरोबर एक कार्ड असे. कोणती ओळ कुणी विणली, कोणता मणी बदलला, सगळं त्यावर माझ्या अक्षरात.

तिसरी जाळी पोचवायची तारीख मी ठरवली आणि घोळ घातला. पंचांग मी बघत नसे. आदल्या दिवशी बायका कुजबुजायला लागल्या, तेव्हा कळलं की उद्या नागपंचमी. सुमन म्हणाली, "सायेब, पंचमीला चिरत न्हाईत, टोचत न्हाईत. सुई कशी धरायची?" मी समजावलं, चिडलो, शेवटी हात जोडले. सहाही जणी ठाम.

ही म्हणाली, "मी येती. दीक्षा घेतल्यापासनं आमच्यात पंचमी न्हाई."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात आम्ही दोघंच. बाहेर झोक्यांची गाणी चाललेली. जाळीतून फक्त शेवटची तिरपी तार जायची होती. ती सगळ्या मण्यांतून फिरते. एकदा ती गेली की आतला मणी काढता येत नाही. पाचच्या एसटीनं मला जाळी घेऊन निघायचं होतं.

सुईत तार ओवून झाली, आणि तिनं जाळी खिडकीकडे धरली. "एक डाव परत."

"बाई, आज नको."

तिनं ऐकलं नाही. अकरा वाजले, साडेअकरा. मग ती थांबली. "हितं बघा सायेब."

भिंगातून केसाएवढी चीर दिसली. ओळ सुमनची होती.

मी कार्ड ओढलं. तिनं त्यावर हात ठेवला. "माझं नाव लिवा."

"वेड लागलंय का? नियम ठाऊक आहे ना?"

"मला न्हाई काढनार मालक. माझ्यासारखा हात हाय का दुसरा? तिला काढत्याल. दोन लेकरं हायती तिला."

"ती तुम्ही शिवलेल्या माठातलं पाणी पीत नाही," मी म्हणालो. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं.

"मनी फुटला, त्यात पानी कुठं आलं?" ती म्हणाली. "आन् तिला सांगायचं न्हाई. शब्द द्या."

मी शब्द दिला, आणि त्या ओळीपुढे तिचं नाव लिहिलं. मलाही वाटलं होतं, हिला कोण काढणार.

तिनं चिमट्यात धरून तो मणी चिरडला. एखादी कपची उडून शेजारच्या तारेला ओरखडा पडला असता तर सगळंच संपलं असतं. आडवी तार उपसली, उभी उपसली, नवा मणी घालून दोन्ही पुन्हा ओवल्या, मग तिरपी. जेवली नाही. पावणेपाचला जाळी माझ्या हातात देऊन ती पहिल्यांदा पाठ टेकून बसली. एसटीत नसरापूरचा हमरस्ता लागेस्तोवर मी जाळीची डबी मांडीवरून हलू दिली नाही.

जाळी पास झाली. काम टिकलं. आणि मालकांनी कार्ड वाचलं.

मी म्हणालो, "तिच्यामुळंच जाळी वाचली."

"कार्डावर अक्षर तुमचंच आहे ना?" मालक म्हणाले. "नियम सगळ्यांसमोर सांगितलाय मी."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. दारात ती उभी होती. तिनं मान हलवली, नको. मालकांनी पुढे केलेलं कार्ड मी फायलीत लावलं.

तिनं सुई बुचाला टोचून ठेवली, स्टूल आत सरकवलं. सुमननं मान वर न करता विचारलं, "निघाला व्हय?"

"व्हय," ती म्हणाली. "पासलीला जाती. लावनी उरकायची हाय."

पुढे ती भोरमध्ये दिसली नाही. सुमनला मी आजतागायत सांगितलेलं नाही. शब्द पाळला म्हणून, की तोंड दाखवायची हिंमत नव्हती म्हणून, हे मला ठरवता येत नाही.

खिडकीशेजारची जागा सुमनला मिळाली. आठवडाभरानं मी जाळी मागायला गेलो, तर तिनं ती उजेडाकडे धरली, डावा डोळा मिटला आणि म्हणाली, "थांबा सायेब. एक डाव परत."

मी थांबलो.